गिटार मोरपंखी होताना

गिटारला रंग देणं म्हणजे तिच्या पुढच्या फळीवर वजन चढवणं. हे आधी समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. अकूस्टिक गिटारमध्ये खरी बोलते ती ही फळी. तारेची थरथर ब्रिजमधून तिच्यात उतरते, फळी हलते आणि हवा ढकलते. मोठ्या ड्रेडनॉट गिटारची फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची, क्षेत्रफळ १३०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. ती बहुधा स्प्रूसची; हे लाकूड हलकं, त्यामुळे अख्ख्या फळीचं वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरतं. वाळलेल्या रंगाचा थर मात्र या लाकडापेक्षा अडीच-तीन पट घन असतो. ०.१ मिलिमीटर थर दिला तर पंधरा-सोळा ग्रॅमची भर पडते. ०.५ मिलिमीटर दिला तर पाऊणशे ग्रॅम, म्हणजे फळीच्या जवळजवळ निम्मं वजन नुसत्या रंगाचं! रंग कुठला हे डोळे ठरवतात, तो किती जाड हे कानांना कळतं.

नेरूळच्या घरात माळ्यावरून काढलेली ही गिटार कोलकात्याच्या बनावटीची, प्लायवूडची. गॅदरिंग, गणपती, गच्चीवरच्या मैफली असा सगळा संसार तिने केलेला. साउंडहोलखाली प्लेक्ट्रमने घासून पडलेला पांढुरका पट्टा, कडांना उडालेले टवके, पाठीवर स्टिकरचे डाग. जुनी मार्टिन किंवा गिब्सन असती तर तिला पॉलिशपेपर लावायची हिंमत मी केली नसती. नावाजलेल्या जुन्या वाद्याचं मूळ फिनिश काढलं की त्याची किंमत घसरते आणि त्याचा इतिहासही पुसला जातो. पण अशी प्लायवूडची गिटार दुरुस्तीला कुणी नेत नाही, ती भंगारात जाते. तिच्यासाठी नवा रंग म्हणजे नवं आयुष्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

रंगाआधी तपासणी. तारा सैल करून काढल्या, छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमधून आत घातला. फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या सुटल्यात का, हे बोटाच्या पेराने टकटक करून कळतं. चिकटलेली पट्टी गोल आवाज देते, सुटलेली भर्र करते. मग ब्रिजच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहायचा. कागद आत गेला तर ब्रिज उचलला गेलाय. सहा तारांचा साधा लाइट संच सुरात लावला की ब्रिजवर ७० किलोंहून अधिक ताण येतो. असा ब्रिज आधी उघड्या लाकडावर नीट चिकटवून, सी-क्लॅम्पने आवळून ठेवावा लागतो. रंगावर चिकटवलेला ब्रिज आज ना उद्या रंगासकट उखडतो, म्हणून ब्रिजखाली रंग कधीच जाऊ द्यायचा नाही.

मग जुनं फिनिश. स्वस्त गिटारींवर कारखान्यात चढवलेला थर बहुधा पॉलिएस्टरचा, जाड आणि काचेसारखा कडक. पेंट रिमूव्हरला तो दाद देत नाही, उलट ते रसायन कडेची प्लास्टिकची पट्टी विरघळवून टाकतं. त्यामुळे फळीवरचा थर पोलादी स्क्रेपरने, मनगट सैल ठेवून, केसागणिक खरवडायचा. इथे घाई चालत नाही. प्लायवूडचा सर्वांत वरचा पापुद्रा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो आणि तो गेला की खालच्या आडव्या रेषा दिसू लागतात. पाठ आणि बाजूंचा थर मी काढला नाही. तो घट्ट होता, आणि आवाजाच्या दृष्टीने तिथल्या वजनाने फारसं बिघडत नाही. ३२० नंबरच्या पेपरने त्याची चमक मारली, नव्या थराला पकड मिळाली, काम झालं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, म्हणून जुनी धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. मास्क हवाच, आणि पाणीपेपरने ओलं घासलेलं उत्तम.

रंग मोरपंखी ठरला. पैठणीच्या काठातला निळा-हिरवा, थोडा गहिरा. लाकडाच्या वाद्याला असा गाडीसारखा रंग शोभेल का, या शंकेला इतिहासात उत्तर आहे. ड्यूपाँ कंपनीने १९२३मध्ये ड्युको नावाचं, भराभर वाळणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी आणलं. पुढे फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारींचे प्रसिद्ध कस्टम रंग याच गाड्यांच्या डब्यांतून आले. त्यांचा फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डवरचा आणि लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरचा. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला ‘ड्युको’ मारतात. तेव्हा गिटार घेऊन तुर्भ्यातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये जाणं या परंपरेला धरूनच होतं. ठाणे-बेलापूर रस्त्याचा हा पट्टा तर रंगाचाच. एशियन पेंट्सचं संशोधन केंद्र इथेच तुर्भ्यात आहे.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मी पैठणीच्या ब्लाउजपीसचा तुकडा नेला होता. इलेक्ट्रॉनिक काट्यावर डबा ठेवून दुकानदार एकेक टिंटर थेंबाथेंबाने सोडतो. निळा, हिरवा, मग काळ्याचा अगदी ठिपका. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून प्रत्येक वेळी पत्र्याच्या पट्टीवर हात मारायचा, वाळवायचा आणि बाहेर उन्हात नेऊन पाहायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हिरवा पडू शकतो. काळ्याचा आणखी एक ठिपका पडला आणि कापडाचा गहिरेपणा उतरला.

गॅरेजमधल्या पेंटरदादांनी गिटार हातात घेऊन तिरकी धरली आणि फळीवरचं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं. रेष दोन ठिकाणी वाकत होती. गाडीचा पोचा लांबीने भरता येतो, या फळीवर लांबीचा थर म्हणजे पुन्हा वजन, हे त्यांना लगेच पटलं. त्यांनी पातळ प्रायमर मारला, त्यावर काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवला आणि सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासायला सुरुवात केली. उंच भाग पांढरे झाले, खळगे काळेच राहिले. मग त्या काळ्या ठिपक्यांपुरतंच काम. याला ते गाइड कोट म्हणतात. लाकडाच्या रेषांमध्ये लहानसहान दोष लपून जातात. एकसलग चमकदार रंग एकही दोष पोटात घालत नाही. गडद रंगाने खोट झाकली जाईल ही समजूत या ठोकळ्याखाली कायमची मोडते.

मग स्प्रे गन. तिचा हात एका गतीने, फळीच्या बाहेर सुरू होऊन बाहेर संपणारा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. कमरेच्या आतल्या वळणावर रंग साचून ओघळ येतो, म्हणून तिथे हात भरभर चालतो. फ्रेटबोर्ड आणि ब्रिज मास्किंग टेपखाली. दोन पातळ हात रंगाचे, वर पारदर्शक क्लिअरचे मोजके. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंगात त्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा हे काम घरच्या बाल्कनीचं नाही. आणि ऋतूही पाहावा लागतो. नवी मुंबईच्या पावसाळी हवेत नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर दुधाळ पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे इथले रंगाचे महिने.

पातळ थराचं हे शहाणपण मिरजेच्या कारागिरांकडे केव्हापासून आहे. तिथल्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने पुसत पुसत चढवण्याची रीत आहे. चढवलेला रंग उतरवण्याचं उदाहरणही आहे. बीटल्सच्या जॉन लेननने १९६७च्या सुमारास आपली गिब्सन जे-१६०-ई रंगीबेरंगी करून घेतली आणि वर्षभरातच तो रंग खरवडून लाकूड उघडं केलं. आपल्या एपिफोन कसिनो गिटारवरचं फिनिशही त्याने काढलं; ते काढल्यावर गिटारी अधिक चांगल्या झाल्या, असं त्याचा बीटल्समधला साथीदार जॉर्ज हॅरिसन याचंही मत होतं.

क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर १५०० आणि २००० नंबरचा पाणीपेपर, मग रबिंग कंपाउंड. कडांवर हात हलका, कारण थर तिथेच सर्वांत पातळ असतो. तारा चढवल्या आणि पहिली ई-मायनर छेडली. प्लायवूडची गिटार रंगाने स्प्रूसची होत नाही, पण जड थर खरवडल्यामुळे तिचा खर्ज मोकळा झालाय आणि सूर पूर्वीपेक्षा जास्त रेंगाळतो. त्याहून मोठा बदल म्हणजे ती भिंतीवर टांगलेली दिसली की घरातली मुलं ती उतरवून वाजवतात. वाद्य टिकतं ते वाजल्याने. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती टाकून देऊ नका. तेव्हाच खाली काढा, आरसा आणि टॉर्च घेऊन आत डोकावा, आणि पट्ट्या धड असतील तर थंडी पडायच्या आत घासायला बसा.