लोण्यांतील आम्ल आणि वासराचें पोट

खवट लोण्यास जो उग्र वास येतो तो ब्यूटिरिक आम्लाचा. हेंच आम्ल गाईम्हशींच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत, जंतूंच्या योगानें चारा व धान्य आंबून, सतत तयार होत असतें. नुकत्या जन्मलेल्या वासराचा हा कप्पा लहान असतो. प्यालेलें दूध त्यास वगळून थेट चौथ्या कप्प्यांत उतरतें.

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं केवळ दुधावर ठेवलेल्या वासरांच्या पहिल्या कप्प्यांत या आम्लाचा सोडियम क्षार घातला, तों आंतील अस्तरावर अन्नरस शोषणारे अंकुर वाढूं लागले. हे प्रयोग १९५९ सालीं प्रसिद्ध झाले. स्पंज वगैरे भरल्यानें कप्पा मोठा होतो खरा, पण अंकुर फुटत नाहींत. नवल असें कीं, कांचपात्रांत वाढविलेल्या पेशींवर तोच क्षार घातला तर त्यांची वाढ उलट मंदावते!

धान्यापासून हें आम्ल कडब्यापेक्षां अधिक निघतें. यास्तव शेतकरी बंधूंनीं दूध तोडण्याची वाट न पाहतां, पहिल्या आठवड्यापासूनच वासरापुढें मूठभर भरडा व स्वच्छ पाणी ठेवावें. उरलेला भरडा रोज काढून टाकावा. आंबूस झालेल्यास वासरूं तोंड लावीत नाहीं.