परगावची चूल

स्वयंपाक ही वडीलधाऱ्यांच्या हाताखाली वावरून येणारी विद्या, असे मराठी घरांत पिढ्यानुपिढ्या मानले गेले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले आणि ही विद्या छापील पानांतूनही शिकता येऊ लागली. तथापि आईची शिकवण असो वा पुस्तक, दोहोंमध्ये हवा, पाणी आणि बाजार ओळखीचे असतील हे गृहीत धरलेले असते. गाव बदलले म्हणजे पाठ केलेली कृती अपुरी पडते, आणि पदार्थाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो.

बंगळूरमधील चामराजपेट हे याचे चांगले उदाहरण होय. महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाची ही वस्ती १८९२ साली वसली. कन्नड साहित्य परिषदेचे कार्यालय येथेच आहे, आणि भाजीपाल्याचा मोठा कृष्णराजेंद्र बाजारही जवळच आहे. बंगळूर शहाजीराजांकडे आले ते १६३८ च्या सुमारास. तेव्हापासून मराठी माणसाला हे शहर परके नाही. नोकरी-शिक्षणासाठी येथे बिऱ्हाड थाटणाऱ्या आजच्या मराठी तरुण-तरुणींची पहिली परीक्षा मात्र साध्या वरणापाशीच होते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळू लागते. मुंबईत ते १०० अंशांना उकळते, तर येथे सुमारे ९७ अंशांनाच. तीन अंशांचा हा फरक क्षुल्लक वाटतो; परंतु उघड्या पातेल्यातील तुरीच्या डाळीला त्यामुळे अधिक वेळ लागतो. अशा वेळी आच वाढवून उपयोग नाही. पाणी लवकर आटते एवढेच, त्याची उष्णता वाढत नाही. दाबाच्या कुकरात वाफ कोंडली जाऊन उष्णता ११५ अंशांच्या पुढे जाते, म्हणून तेथे ही अडचण उरत नाही.

दुसरे कारण आंबटपणाचे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारा जो चिकट भाग असतो, तो सैल झाला म्हणजे डाळ मऊ होते. चिंचेच्या किंवा टोमॅटोच्या आंबटपणाने तो सैल होण्यास विलंब लागतो. जड पाण्यातील चुन्याचाही परिणाम तसाच होतो. म्हणून डाळ पुरती शिजल्यावरच चिंचेचा कोळ घालावा. मराठी आमटी आणि कन्नड सारू यांचे मसाले निराळे असले, तरी हा क्रम दोहोंत एकच आहे.

डिसेंबर-जानेवारीत बंगळूरच्या बाजारात अवरेकाळूच्या शेंगांचे ढीग लागतात. हा नवखा वाटणारा दाणा म्हणजे आपल्या वालाचाच भाऊ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीचे. कोकणात आणि मुंबईकडे वाळलेले वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करतात. कन्नड गृहिणी ओला दाणा पाण्यात ठेवून चिमटीने दाबते व सालातून डाळिंबी अलगद बाहेर काढते. या सोललेल्या दाण्याला तेथे ‘हितकिद बेळे’ म्हणतात. साल चिवट असते, हे दोन्ही प्रांतांनी आपापल्या परीने ओळखले. ज्याला बिरडे येते, त्याला हा पदार्थ शिकणे अवघड नाही.

सामिष अन्न वर्ज्य करून नुसत्या भातभाजीवर भागवणे मात्र हितावह नव्हे. भातातील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणे, ते भात भरून काढतो. म्हणून वरणभात हे पूर्ण जोडीचे अन्न होय. नाचणी, म्हणजेच कन्नड रागी, शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देते; तिचे ‘मुद्दे’ करायला दिवसभराचा खटाटोपही लागत नाही. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे आणि फोडणी यांची ‘कोसंबरी’ आपल्या कोशिंबिरीची बहीणच शोभते. तिच्यावर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींत नसते. त्यासाठी दूध-दही नेमाने घ्यावे, आणि तेही वर्ज्य असल्यास वैद्यकीय सल्ल्याने औषधरूपाने घ्यावे.

नवशिक्याने आरंभी पंचवीस पदार्थांची यादी हाती घेऊ नये. वरण, एक पालेभाजी, एक कडधान्य आणि एक कोशिंबीर एवढेच महिनाभर करावे. प्रत्येक वेळी काय बिघडले याबरोबरच ते का बिघडले, हेही पाहावे. डाळ का शिजली नाही हे ज्याला एकदा कळले, त्याला चूल कोणत्याही गावी मांडता येते. आणि शेजारच्या घरातील फोडणीच्या वासावरून एखादा नवा पदार्थ विचारून घेण्याचे धैर्यही त्याला येते.