युरोपात मुक्काम, कुणाच्या तरी घरी

१९६२ साली दोन तरुण विनोबा भाव्यांना भेटायला आसामात गेले. विनोबांची पदयात्रा तेव्हा तिकडे चालू होती. एक राजस्थानचा सतीश कुमार, लहानपणी जैन मुनी झालेला आणि अठराव्या वर्षी ती दीक्षा सोडून विनोबांच्या चळवळीत आलेला. दुसरा केरळचा ई. पी. मेनन. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना ८९व्या वर्षी अण्वस्त्रविरोधी निदर्शनांपायी तुरुंगात पाठवल्याची बातमी दोघांनी बंगळुरात कॉफी पिता पिता वाचली होती. एवढा म्हातारा माणूस तुरुंगात जातो आणि आपण नुसते बसून कॉफी पितो, हे त्यांना लागले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या अण्वस्त्रे बाळगणाऱ्या चारही राजधान्यांत पायी जायचे, असे त्यांनी ठरवले. आशीर्वाद मागायला आले, तर विनोबांनी वर दोन अटी घातल्या. मांसाहार करायचा नाही आणि जवळ एक पैसाही ठेवायचा नाही.

दुसऱ्या अटीमागे विनोबांचे गणित सरळ होते. पैसे असले की दिवसभर चालून दमलेला माणूस खानावळ शोधतो, हॉटेल गाठतो, झोपतो आणि सकाळी निघतो. कुणाशी बोलणे होत नाही. पैसे नसले की कुणाचे तरी दार वाजवावेच लागते. दार उघडणारा विचारतो, कुठून आलात, कशासाठी चाललात? मांसाहारी नाही म्हटले की आणखी विचारतो. तिथून गप्पा सुरू होतात.

हे शहाणपण पुस्तकी नव्हते. गागोद्यात जन्मलेल्या आणि पवनारला आश्रम थाटलेल्या या माणसाने १९५१ पासून रोज नव्या गावात मुक्काम करण्यात तेरा वर्षे घालवली.

१ जून १९६२ रोजी दोघे राजघाटावरून निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, मग सोव्हिएत संघ, पोलंड, जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स. जेवण मिळाले नाही तर उपवास घडला असे समजायचे आणि छप्पर मिळाले नाही तर चांदण्यात झोपायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. जॉर्जियात काळ्या समुद्राकाठच्या चहाच्या कारखान्यातल्या एका बाईने त्यांना चहाची चार पाकिटे दिली, चार राजधान्यांतल्या चार नेत्यांसाठी. बटण दाबायची बुद्धी झालीच तर आधी चहा पिऊन घ्या, एवढा निरोप. पॅरिसमध्ये दोघांना निदर्शनांमुळे कोठडीची हवा खावी लागली. वेल्समध्ये रसेल भेटले आणि पुढच्या बोटीच्या तिकिटांची सोय त्यांनी केली. सुमारे ८,००० मैलांचा हा प्रवास अर्थात शांततेसाठी होता, युरोपदर्शनासाठी नव्हे. तरीही परक्या गावात परक्याच्या घरी राहण्याचे सगळे तर्कशास्त्र त्यात सापडते. युरोप मागे टाकून ही जोडी अमेरिकेकडे वळली, त्याच सुमारास, डिसेंबर १९६३ मध्ये, विनोबा सर्वोदय संमेलनासाठी रायपुरात होते. छत्तीसगडातल्या अभनपूर या गावापासून तासाभराच्या अंतरावर.

आज अभनपूर-रायपूर पट्ट्यातली एखादी मुलगी नोकरीतले पैसे साठवून एकटीने युरोप पाहायचे म्हणते, तेव्हा तिच्या डोक्यात विनोबा नसतात. तिच्या फोनवर कुठल्या तरी ॲपचे नाव असते. पण त्या ॲपची वंशावळही थेट शांततावाद्यांपर्यंत जाते.

दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार देऊन तुरुंगात गेलेला बॉब लुइटवाइलर हा अमेरिकन १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये होता. तिथल्या मित्रांबरोबर त्याने घरोघरी पाहुणे ठेवून घेणाऱ्यांचे जाळे विणायला घेतले. कालच्या शत्रुराष्ट्रांतली माणसे एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसली तर पुढचे युद्ध अवघड होईल, ही त्यामागची भाबडी वाटणारी पण पक्की समजूत होती. त्यातून उभी राहिलेली सर्वास ही संस्था आजही चालू आहे आणि भारतातही तिची शाखा आहे. पद्धत जुन्या वळणाची. आधी तुमची मुलाखत होते, मग ओळखपत्र मिळते, मग यजमानांची यादी. मुक्काम साधारण दोन रात्रींचा. त्यापुढे राहायचे असेल तर यजमानानेच तसे म्हटले पाहिजे. पुण्यात वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पाटावर बसे. कुणा एकावर भार पडत नसे आणि घरात उठबस कशी करायची हे त्याला आपोआप कळे. सर्वासचा दोन रात्रींचा नियम त्याच जातकुळीचा आहे.

इंटरनेटने यातली मुलाखत काढून टाकली. केसी फेंटन या अमेरिकन तरुणाला आइसलंडचे स्वस्त विमान तिकीट मिळाले, पण राहायची सोय नव्हती. त्याने तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांना इमेल धाडला की मला कुणी ठेवून घेता का? पन्नासच्या वर होकार आले. त्यातून २००४ मध्ये काउचसर्फिंग सुरू झाले. काही वर्षे ते खरोखर हौशी लोकांच्या जिवावर चालले. २००६ मध्ये सगळी माहिती उडाली आणि संस्थापकाने दुकान बंद झाल्याचे जाहीरही केले, तेव्हा स्वयंसेवकांनीच ते पुन्हा उभे केले. २०११ मध्ये मात्र ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, आणि मे २०२० मध्ये करोनाच्या ऐन धुमाकुळात सभासदांना वर्गणीशिवाय आत येणे बंद झाले. फुकट पाहुणचार करणाऱ्या माणसाकडूनच पाहुणचाराचे पैसे मागायचे, हा अजब व्यवहार अनेकांच्या पचनी पडला नाही. बरेच जण बीवेलकम आणि ट्रस्टरूट्स या बिगरनफा ठिकाणी गेले. सायकलवाल्यांचे वॉर्मशॉवर्स १९९३ पासूनचे. एस्पेरांतो बोलणाऱ्यांची पास्पोर्ता सेर्वो ही यजमानयादी १९७४ पासूनची, अट एकच, ती भाषा यायला हवी. मलेशियाच्या रशविंदा कौर यांनी २०१९ मध्ये होस्ट अ सिस्टर हा फक्त बायकांचा गट फेसबुकवर काढला. एकटीने फिरणाऱ्या भारतीय मुलींना सुरुवातीला हाच बरा.

आता पैशांची बाजू. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. युरो साधारण शंभर रुपयांचा धरला तर नऊ हजार, आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. शिवाय रोजच्या खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा लागतो, आणि इथे फ्रेंच सरकारचा तक्ता वाचण्यासारखा आहे. हॉटेलचे आरक्षण असेल तर दिवसाला ६५ युरो दाखवायचे. आरक्षण नसेल तर १२० युरो. कुणा फ्रेंच रहिवाशाने रीतसर यजमानपत्र दिले असेल तर ३२ युरो ५० सेंट पुरतात. म्हणजे आरक्षण नसलेल्या पाहुण्याच्या दृष्टीने यजमानाची किंमत सरकारनेच ठरवून टाकली आहे, दिवसाला साडेसत्याऐंशी युरो.

गोम अशी की ते यजमानपत्र गप्पा मारून मिळत नाही. यजमानाला आपल्या नगरपालिकेत जावे लागते, घराची कागदपत्रे द्यावी लागतात आणि ३० युरोंचा स्टॅम्प लावावा लागतो. जर्मनीत तर यजमान पाहुण्याच्या खर्चाची कायदेशीर हमी घेतो आणि त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात हजेरी लावतो. कालपरवा इंटरनेटवर ओळख झालेल्या माणसासाठी एवढे कोण करणार? ही पत्रे खरी उपयोगाची मावशीकडे, मित्राकडे उतरणाऱ्यांना. बाकीच्यांनी निदान व्हिसापुरते तरी होस्टेलचे खरे आरक्षण धरून चालावे. व्हिसासाठी आरक्षण दाखवायचे आणि शिक्का पडताच सगळे रद्द करायचे, ही युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कुठे राहणार विचारल्यावर त-त-प-प करायची तयारी असेल त्यांनीच ती करावी.

तिथे पोचल्यावरही कागद सुटत नाहीत. इटलीत परदेशी पाहुणा घरात ठेवला की यजमानाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचे असते. ऑस्ट्रियात पाहुण्याची नोंद तीन दिवसांत व्हावी लागते. यजमानाला हे माहीत आहे का, असे आधीच हलकेच विचारून घेतलेले बरे. आणि राहण्याच्या बदल्यात शेतावर किंवा होस्टेलात काम करण्याच्या ज्या योजना आहेत, त्या पर्यटक व्हिसावर चालतील असे गृहीत धरू नये. जेवणाखाण्याच्या मोबदल्यातले कामही बऱ्याच देशांत कामच धरले जाते.

राहण्याचे वाचले तरी हिंडण्याचे लागतातच. इंटररेल हा रेल्वेचा पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. आपल्यासाठी युरेल. मात्र दोन-चार शहरेच करायची असतील तर पासापेक्षा आधी काढलेली सुटी तिकिटे किंवा फ्लिक्सबस बहुधा स्वस्त पडते. जर्मनीचे महिन्याचे देशभर चालणारे तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाले, नंतर ते महाग होत गेले, तरी साध्या प्रादेशिक गाड्यांनी हिंडणाऱ्याला अजून फायद्याचे. सर्वांत मोठी चैन लक्झेंबर्गमध्ये. २९ फेब्रुवारी २०२० पासून तिथल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा.

यजमानाच्या घरी काय न्यायचे, हा आपल्याकडचा हळवा विषय. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवायची. अभनपूरहून निघणाऱ्याची त्यात काही अडचण नाही. बेसनाची ठेठरी आणि कणीक-गुळाची खुर्मी टिकाऊ आहे, तळताना आणि मळताना तूप टाळले म्हणजे झाले. चांप्याच्या कोशाचा रुमाल किंवा बस्तरची छोटी ढोकरा मूर्ती सामानात जागा खात नाही आणि तिच्यावर तासभर बोलता येते. पण खरी परतफेड स्वयंपाकघरातच होते. यजमानासाठी एक वेळ स्वयंपाक करणे ही या मंडळींतली जुनी रीत आहे. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी एवढे आले तरी पुष्कळ. फोडणीच्या धुराने तिथली धोक्याची घंटा वाजते, एवढे ध्यानात ठेवावे.

घरोघरची तऱ्हा वेगळी. नेदरलँड्समध्ये सहा वाजता जेवण उरकते, स्पेनमध्ये रात्री नऊच्या आधी कुणी ताट घेत नाही. जर्मन घरात रात्रीचे जेवण म्हणजे पुष्कळदा थंड पाव, चीज आणि काकडी. पाहुणा आला म्हणून चूल पेटलीच पाहिजे असे नाही, आणि त्यात अपमानही नाही. पोलंड, चेकिया, स्कँडिनेव्हियात चपला दाराशीच काढतात, तेवढ्यापुरते घरी आल्यासारखे वाटते. वेळेच्या बाबतीत सात म्हणजे सात. आणि पाच दिवस राहून रोज फक्त रात्री झोपायला येणाऱ्या पाहुण्याला यजमान पुन्हा बोलावत नाही. फुकट राहण्याची किंमत वेळात द्यावी लागते. ज्याला दिवसाला तीन संग्रहालये आणि दोन किल्ले उरकायचे आहेत त्याने होस्टेलातच उतरावे. म्हणजे कुणाचा विरस होत नाही.

युरोपातल्या मराठी घरी उतरणे हा तिसरा प्रकार. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, आणि आता जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात मंडळ आहे. तिथे आग्रह होतो, पोहे मिळतात, विमानतळावर न्यायला गाडी येते. सोय उत्तम. मात्र म्युनिक पाहायचे राहून जाते, कारण शनिवारी सगळे मिळून कुणाच्या तरी वाढदिवसाला जातात.

भीतीचे काय? ती खोटी नाही. इटलीत पादोव्हा येथे काउचसर्फिंगवरून येणाऱ्या मुलींना गुंगीचे औषध देणारा यजमान सापडला आणि २०१५ मध्ये त्याला शिक्षा झाली. तो कॅराबिनिएरी दलातला पोलीस होता. पोलीस आहे म्हणून मुली निर्धास्त होत होत्या. त्यामुळे फोटो, नोकरी, गोड भाषा यांवर काही ठरवू नये. आधी राहून गेलेल्या बायकांनी स्वतःच्या नावाने लिहिलेले अनुभव वाचावेत, नुसती चांगल्या शेऱ्यांची संख्या पाहू नये. पहिली भेट कॅफेत. झोपायची जागा कुठे, दाराला कडी आहे का, घरात आणखी कोण, हे थेट विचारावे. चांगला यजमान या प्रश्नांनी चिडत नाही. आणि रात्री निघून जायची वेळ आली तर होस्टेलचे भाडे भरता येईल एवढे पैसे नेहमी वेगळे ठेवावेत. विनोबांची पैसे न बाळगण्याची अट इथे मोडलीच पाहिजे.

परक्या यजमानावर विश्वास टाकण्याची सर्वांत धीराची मराठी कथा युरोपातली नाही, पण सांगायलाच हवी. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे खोळंबल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोश्यांचे पत्र वाचले आणि आपण होऊन त्यांच्या बायकोला, आनंदीबाईंना, लिहिले. हे १८८० सालचे. पुढे तीन वर्षे पत्रे गेली आणि आली. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा नवरा बरोबर नव्हता. जहाजावर मिशनरी बायकांची सोबत होती, पण जिच्या घरी त्या उतरणार होत्या तिला त्यांनी कधी पाहिले नव्हते. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. आनंदीबाईंची रक्षा आज पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. तीन वर्षांच्या पत्रांची जागा आता तीन दिवसांचे चॅट घेते, आणि धोका वाढतो तो बराचसा त्या घाईत.

ज्याच्या नावावर एकही अनुभव लिहिलेला नाही, त्याला यजमान मिळणे कठीण जाते. यावर मुरलेले प्रवासी एक उपाय सांगतात. जाण्याआधी स्वतःच यजमान व्हा. अभनपूरला हे वाटते तेवढे अशक्य नाही. ३० मार्च २०२५ पासून रायपूरहून मोठ्या रुळांवरची मेमू गाडी येते. जवळ वल्लभाचार्यांचे जन्मस्थान चंपारण आहे आणि राजीमला महानदी, पैरी आणि सोंढूरचा संगम व राजीवलोचनाचे देऊळ. छत्तीसगड पाहायला निघालेल्या परदेशी माणसाला रायपूरच्या हॉटेलापेक्षा हे घर आवडेल. मात्र नियम इथेही आहेतच. परदेशी पाहुणा खाजगी घरात उतरला तरी २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलासह. त्यासाठी यजमानाची आधी एकदा नोंदणी लागते, तेव्हा ते काम पाहुणा गाडीत बसण्यापूर्वीच उरकून ठेवावे.