पाण्यातून चाललात? पुढचे ७२ तास महत्त्वाचे

मुसळधार पावसात लोकल ठप्प झाली की कुर्ला-शीव पट्ट्यात ठरलेलं चित्र दिसतं. गाडी हलत नाही म्हणून लोक डब्यातून खाली उतरतात आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन रुळांमधून चालू लागतात. पाण्याखाली खडी असते. अनवाणी पाय तिच्यावर खरचटतो आणि घर गाठायच्या घाईत ते लक्षातही येत नाही.

लेप्टोस्पायरोसिसला एवढं खरचटणं पुरतं. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंडावाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोची साथ आली.

हा आजार बऱ्याच अंशी टाळता येतो. पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका सांगते. पायाला जखम नसेल आणि एकदाच पाण्यातून गेला असाल, तर डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखम असेल, तर तोच डोस रोज एकदा, असे तीन दिवस. साफसफाईसाठी वारंवार पाण्यात उतरणाऱ्यांना तो आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी औषध वेगळं असतं. म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये. महापालिकेच्या दवाखान्यात जावं.

रुळांतून चाललेला माणूस स्वतःला पहिल्या गटात धरतो. खडीने पाय कापला असेल तर तो दुसऱ्या गटात गेलेला असतो. हा फरक त्याला कुणी आणि कुठे सांगायचा? पत्रक निघतं, वर्तमानपत्रात छापूनही येतं. पण आदल्या रात्री उशिरा घरी पोचून सकाळी पुन्हा गाडी पकडणारा पासधारक ते वाचेलच असं नाही. स्टेशनवर मात्र तो येतोच, आणि तेही ७२ तास उलटायच्या आत. म्हणून या माहितीची खरी जागा फलाट आहे, असं मला ठामपणे वाटतं.

भिंतीवरचं दाट मजकुराचं पोस्टर इथे कामाचं नाही. गर्दीत भिंत दिसतच नाही. कान मात्र इंडिकेटर बिघडला तरी घोषणेकडे असतो. तेव्हा घोषणाच हवी, मराठी आणि हिंदीत, गाड्यांच्या घोषणांच्या मधोमध: ‘काल पाण्यातून चालला असाल तर उद्यापर्यंत डॉक्टरांना भेटा. पायाला जखम असेल तर ती दाखवा. औषध पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळेल.’ सोबत त्या स्टेशनापासून जवळच्या दवाखान्याचं नाव आणि वेळ सांगावी. नुसतं ‘काळजी घ्या’ म्हटल्याने कुणाचे पाय दवाखान्याकडे वळत नाहीत.

आठवडाभराने घोषणा बदलायला हवी. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात आणि सुरुवातीचा ताप डेंग्यू-मलेरियासारखाच वाटतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुफ्फुसं धोक्यात येतात. त्यामुळे दुसरी घोषणा अशी हवी: ‘ताप, डोकेदुखी, लाल डोळे किंवा पोटऱ्यांचं दुखणं असेल, तर आजच दवाखान्यात जा आणि पावसाच्या पाण्यातून चालला होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.’