वय झालंय म्हणून नाही, दुखतंय म्हणून

"वय झालंय हो त्याचं, आता असंच चालायचं." उल्हासनगर कॅम्प १ मध्ये संध्याकाळी कुत्रा फिरवायला निघालेल्या कुणाशीही दोन मिनिटं बोला. कुत्रा दहाच्या पुढचा असेल तर हे वाक्य ऐकू येणारच. मराठी घरात मराठीत, शेजारच्या सिंधी घरात "उमर हो गई है, साईं" असं. लॅब्रेडॉर मागचे पाय ओढतोय? वय. पॉमेरियन रात्री खोकतोय? वय. कुत्री दिवसभर पाणी पिते आणि रात्री घरातच मुतते? तेही वयच. या निदानाला तपासणी लागत नाही, औषध लागत नाही, खर्च लागत नाही. अडचण एवढीच की हे निदान नाही.

म्हातारपण हा आजार नाही. म्हातारपणी आजार होतात, त्यांना नावं असतात, बहुतेकांची तपासणी होते आणि बरेचसे आटोक्यातही ठेवता येतात. अमेरिकेतल्या प्राणी रुग्णालयांच्या संघटनेने 2023 मध्ये वृद्ध कुत्र्या-मांजरांच्या देखभालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अपेक्षित आयुष्याच्या शेवटच्या पाव भागाला वार्धक्य म्हटलं आहे. म्हणजे दहा-अकरा वर्षं जगणारा मोठ्या जातीचा कुत्रा आठव्या वर्षाच्या आसपास म्हातारा, आणि पंधरा वर्षं जगणारा छोटा कुत्रा अकराव्या वर्षानंतर. लॅब्रेडॉरच्या बाबतीत हे म्हातारपण तीन वर्षं चालू शकतं. तीन वर्षं "चालायचंच" म्हणून दुखत ठेवायचं?

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात आधी जिन्यावर दिसतो. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या बराकी तळमजल्याच्या होत्या, तिथला कुत्रा ओट्यावरून उतरला की रस्त्यावर. त्यांच्या जागी ज्या चार-पाच मजली इमारती आल्या, त्यांतल्या कित्येकींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याला शी-शूसाठी दिवसातून दोन-तीनदा सगळा जिना उतरून पुन्हा चढावा लागतो. मग एक दिवस तो पहिल्या पायरीशी थांबतो, वर बघतो आणि बसतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय.

तो आळशी झालेला नाही, त्याचा सांधा दुखतोय. या दुखण्याला संधिवात म्हणतात. सांध्यातली कूर्चा झिजते, आतल्या आवरणाला सूज येते, कडेने हाड वाढतं. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा अनेकदा मुळातच सैल बसलेला असतो, त्यामुळे त्यांच्यात हे लवकर सुरू होतं. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं हे खरं. पण वयाबरोबर येतं म्हणून ते दुखत नाही, हा तर्क कुठला? आजोबांचे गुडघे वयामुळेच झिजले, तरी आपण त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेतोच ना?

यावरचं ठरलेलं उत्तर असं: "पण तो ओरडत तर नाही." इथेच सगळी गल्लत होते. कुत्रा शेपटीवर पाय पडला की ओरडतो, मुरलेल्या दुखण्यात सहसा ओरडत नाही. तो आपल्या हालचाली बदलतो, आणि ते हळूहळू होत असल्याने रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दिवाणावर उडी मारायच्या आधी तो घुटमळतो. झोपून उठल्यावर पहिली काही पावलं ताठ टाकतो, मग जरा मोकळा होतो. बसताना एक पाय बाजूला टाकून बसतो. लघवीला पाय वर करायचा सोडून देतो. एकच सांधा सारखा चाटत राहतो. मागच्या मांड्या बारीक होतात आणि अंगाचा भार पुढच्या पायांवर जातो. आयुष्यभर गरीब असलेला कुत्रा नातवाने पाठीवर हात ठेवला की गुरगुरतो आणि लोक म्हणतात, म्हातारपणी चिडका झाला. यातली दोन लक्षणं जरी दिसली, तरी पशुवैद्यकाकडे जायला तेवढं कारण पुरे.

दुखतंय हे एकदा पटलं की दुसरा घोळ सुरू होतो, तो घरातल्या औषधांच्या डब्यातून. माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून पोळीच्या घासात घालून देतात. कृपा करून देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृत जातं. डायक्लोफिनॅकचं नाव काढल्यावर कुणीतरी गिधाडांची आठवण काढतंच. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात 2006 मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठी, कुत्र्यांसाठी नव्हे; औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती. पण एका प्राण्याला चालणारं औषध दुसऱ्याला मारू शकतं, याचा आपल्या देशाने याहून मोठा पुरावा पाहिलेला नाही.

कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत: मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब. वजनावरून डोस ठरतो, आधी यकृत आणि मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं जातं आणि पुढेही अधूनमधून तपासावं लागतं. स्टेरॉइड चालू असताना ही औषधं देत नाहीत, म्हणून आधी कुठलं इंजेक्शन घेतलं ते डॉक्टरला न विसरता सांगा.

औषधाइतकंच वजन महत्त्वाचं आहे. संशय असेल त्यांच्यासाठी पुरावा देतो. 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं आणि आयुष्यभर नोंदी ठेवल्या. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, बाकीच्यांचं 11.2. संधिवाताच्या उपचारांची गरजही त्यांना उशिरा पडली. अभ्यास कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचा होता आणि निष्कर्ष निघाला "कमी खाऊ घाला", म्हणून मला तो जास्तच विश्वासार्ह वाटतो. तेव्हा चहाबरोबरची बिस्किटं, टोस्ट आणि "एवढंसं तर आहे" हे सगळं बंद. गुळगुळीत लादीवर जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट टाका, नखं कापा, फिरणं बंद न करता लहान करून दोनदा न्या. जिन्यावर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरा. याला खर्च जवळपास नाही.

आता पाणी. "उन्हाळा आहे, पिणारच." उल्हासनगरचा मे महिना मलाही माहीत आहे. तरी एक दिवस मोजून भांडं भरा. किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोचा कुत्रा दिवसाला लिटरभराहून अधिक पीत असेल, तर कारण शोधायलाच हवं. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंगचा आजार यांपैकी काहीही असू शकतं. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या दोनेक महिन्यांत अशी पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. "तिला पिल्लं झालीत, तिला काही होत नाही" हेही खोटं. आणि "मागे रक्त तपासलं, किडनी नॉर्मल होती" यावर फार विसंबू नका. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढतं तेव्हा मूत्रपिंडाची जवळपास तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. लघवीची साधी तपासणी त्याआधी इशारा देऊ शकते, पण लघवी धरायचा कंटाळा सगळ्यांनाच.

छोट्या कुत्र्याचा रात्रीचा खोकला थंडीचा असेलच असं नाही. हृदयाची झडप गळत असू शकते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 360 कुत्र्यांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, हृदय मोठं झालेल्या पण अजून लक्षणं नसलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध दिल्यावर हृदय निकामी होणं सरासरी सव्वा वर्षाने लांबलं. सव्वा वर्ष कुत्र्याच्या आयुष्यात खूप असतं. गाढ झोपेत त्याचे श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या वर सातत्याने जात असतील तर डॉक्टरला कळवा. आणि त्याला पापड देणं थांबवा. उल्हासनगरचे पापड कितीही नावाजलेले असले, तरी मीठ ते मीठच.

रात्री दोनला उठून भिंतीकडे बघत उभा राहणारा, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने बाहेर पडू पाहणारा कुत्रा "वेडा" नसतो, त्याला कुणी काही केलेलंही नसतं. कॅलिफोर्नियातल्या 2001 च्या अभ्यासात 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांत आणि 15-16 वर्षांच्यांपैकी 68 टक्क्यांत स्मृतिभ्रंशाचं किमान एक लक्षण आढळलं. तो बरा होत नाही, पण आहार, ठरलेली दिनचर्या, रात्रीचा बारीक दिवा आणि काही औषधांनी घरच्यांची झोप परत मिळू शकते. आधी ऐकू येतं का, दिसतं का, दुखतं का, हे मात्र तपासून घ्यावं.

बाकीचे गैरसमज भराभर. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब चुकीचा: पहिल्या वर्षात कुत्रा जवळपास तरुण होतो, आणि मोठ्या जाती छोट्यांपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. डोळे निळसर दिसले म्हणजे मोतीबिंदूच, असं नाही. वयाने भिंग घट्ट होऊन तसं दिसतं आणि त्यात नजर बरीचशी शाबूत असते. नाक कोरडं म्हणजे ताप नव्हे, थर्मामीटर वापरा. वय झालं म्हणून लस बंद करू नका, रेबीजची तर नाहीच. पावसाळ्यात वालधुनी नदीचं पाणी रस्त्यावर येणाऱ्या शहरात लेप्टोस्पायरोसिसची वार्षिक लसही डॉक्टरला विचारून घ्या. वय झालं म्हणून भूल देता येत नाही, हेही खरं नाही. आधी तपासण्या होतात आणि सडलेला दात काढल्यावर कुत्रा पुन्हा खायला लागतो. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याचं मांस-अंडं बंद करून नुसत्या दूध-पोळीवर ठेवलं तर त्याचे स्नायू आणखी झडतात. लसणीने गोचीड जात नाहीत, उलट लसूण-कांद्याने रक्तपेशी फुटतात. आणि "गावठी आहे, त्याला काही होत नाही" म्हणणाऱ्याने एकदा गोचीडतापाने नाकातून रक्त येणारा गावठी कुत्रा बघावा.

शेवटचा गैरसमज सगळ्यात वाईट: "होत नाही आता, स्टेशनकडे सोडून देऊ, तिथले लोक घालतात खायला." घरात वाढलेला, ऐकू न येणारा, सांधे आखडलेला कुत्रा अनोळखी हद्दीत गेला की तिथले कुत्रे त्याला फाडतात. उपाशीतापाशी राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वीचा आकडा, त्याची भीती कुणाला वाटणार? खरोखरच उपाय उरला नसेल आणि यातना थांबत नसतील, तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणं कायद्याला मान्य आहे, आणि सोडून देण्यापेक्षा ते कितीतरी दयेचं आहे.

पण ती वेळ यायच्या आधी बरंच काही करता येतं. आठव्या-नवव्या वर्षापासून सहा महिन्यांनी एकदा वजन, रक्त, लघवी आणि दात तपासून घ्या. दवाखान्यात कुत्रा घाबरून किंवा उत्साहाने नीट चालतो आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही, म्हणून जाण्याआधी तो घरचा जिना चढतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तो दाखवा.