गेमिंगची स्पर्धा भरवायचीय? आधी यात्रा बघा!

टेनिस बॉलची स्पर्धा भरवणं हा जुन्नर-आंबेगावच्या पोरांच्या हातचा मळ. मैदान, मंडप, स्पीकर, झालं. मोबाइल किंवा टीव्हीवरच्या गेमची स्पर्धा ठरली, की मात्र घोडं अडतं ते वेळापत्रकावर. घाबरू नका. वेळा लावण्यात या दोन तालुक्यांचा हात धरणारं कुणी नाही. कसं ते वाचा.

पहिलं बक्षीस: नियतकालिक!
व्हिडिओ गेमची पहिली गाजलेली स्पर्धा झाली 19 ऑक्टोबर 1972 रोजी, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. गेम होता 'स्पेसवॉर'. विजेत्याला काय मिळालं? 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी. आपल्याकडे निदान बोकड तरी ठेवतात!

एक सोडून सगळे हरतात
बाद फेरीत सामने किती, हे मोजायला कागद लागत नाही. प्रत्येक सामन्यात एक जण घरी जातो आणि शेवटी एकच उरतो. म्हणून 32 खेळाडू असतील तर सामने 31. पंचांनी कितीही डोकं खाजवलं तरी बत्तिसावा सापडणार नाही.

टीव्ही वाढवा, पण हिशेबाने
फुटबॉल गेमचा एक सामना, कंट्रोलरची अदलाबदल आणि थोडी हुज्जत धरून 20 मिनिटं लावा. एका टीव्हीवर 31 सामन्यांना 10 तास 20 मिनिटं लागतात. दोन टीव्हींवर 5 तास 20 मिनिटं, चारांवर 3 तास, आठांवर 2 तास. सोळा टीव्ही मांडले तरी 1 तास 40 मिनिटं लागतातच, कारण उपांत्य सामने दोनच आणि फायनल एकच. चारांच्या पुढे टीव्ही मागत गावभर फिरण्यापेक्षा तेच पैसे वडापावावर घाला.

'सगळ्यांशी सगळे' म्हणणाऱ्याला आवरा
समितीत एक जण हमखास म्हणतो, "साखळी घेऊ, कुणावर अन्याय नको." त्याच 32 जणांची साखळी म्हणजे 496 सामने. एका टीव्हीवर न झोपता, न जेवता 165 तास 20 मिनिटं. सप्त्यातल्या अखंड वीणेसारखे पहारे लावावे लागतील.

एकवीसच आले तर?
नावं देतात बत्तीस, येतात एकवीस. तरीही तक्ता 32 चाच आखायचा आणि 11 जणांना पुढे चाल द्यायची. पहिल्या फेरीत फक्त 5 सामने होतात, दुसरीत बरोबर 16 जण उरतात. पुढे चाल चिठ्ठ्या टाकून द्या. आयोजकाच्या चुलतभावाला मिळाली, तर माइकवर खुलासा करत बसावं लागेल.

चौसष्ट जण, एकच सामना
वेळेची खरी बचत बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे सगळे एकदम उतरतात आणि शेवटी टिकेल तो जिंकतो अशा गेममध्ये. बीजीएमआय या मोबाइल गेमच्या स्पर्धेत चौघांचा एक असे 16 संघ एकाच सामन्यात उतरतात, म्हणजे 64 जण साधारण अर्ध्या तासात उरकतात. मारलेल्या गड्यांचे आणि टिकून राहण्याचे गुण मोजायचे, चार-पाच सामन्यांची बेरीज करायची. अट एकच: 64 जणांना सभागृहाच्या एका वायफायवर लोंबकळू देऊ नका. ज्याचा डेटा त्याने आणावा.

घाटातली बारी
आपल्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत गाडे एकमेकांशी भिडत नाहीत. प्रत्येकाची बारी वेगळी. पुढे घोडी, मागे बैलांच्या दोन जोड्या, समोर चढाचा घाट आणि शत्रू एकच, घड्याळ. निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर फिरतो. सातारा-सांगलीकडे गाड्या एकत्र सुटतात: गट, सेमी, फायनल. कार रेसिंगचा गेम ठेवणार असाल तर हाच सवाल. कन्सोल एकच असेल तर घाट, चार असतील तर गट! पोटात गोळा आणणारी अनिश्चितता गाडामालकांनाही ठाऊक आहे. 2014 ला बंदी, डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी आणि 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम हिरवा कंदील.

गेमच गायब!
गेमरांचं दुखणं गाडामालकांच्या दुखण्याहून चंचल. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली. त्याच्या जागी जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून उडाला, मे 2023 मध्ये परतला. म्हणून पर्यायी गेम आधीच ठरवून ठेवा. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सना वेगळं धरलंय, पण पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे. प्रवेश फी ठरवण्याआधी नियम वाचा आणि पैजा लावणाऱ्यांना दारातूनच रामराम करा.

सुपारी राहुटीत फुटते
तारखांचा बाजार नारायणगावात भरतो. तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि यात्रेची सुपारी देतात. गुढीपाडव्याला तिथे झुंबड उडते. चैत्र पौर्णिमेसारख्या तिथीला अनेक गावांची यात्रा एकदम, फड मात्र मोजके. गेमिंग समितीने इथून एक धडा घ्यावा: यात्रा तिथीने चालते. पाडवा 2025 मध्ये 30 मार्चला होता, 2026 मध्ये 19 मार्चला. मागच्या वर्षीची मोकळी तारीख तशीच उचललीत, तर प्रेक्षक गाड्याच्या घाटात आणि तुम्ही रिकाम्या हॉलमध्ये.

दुर्बिणीलाही नंबर लावावा लागतो
खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यांचा वेळ मागायला जगभरातून अर्ज येतात. वर्षाचे दोन हंगाम, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कुणाला किती तास, हे समिती ठरवते. आकाशातले रेडिओ संकेत इतके क्षीण असतात, की मोबाइलही तिथे गोंगाट ठरतो. तेव्हा चौसष्ट फोन घेऊन त्या आवारात जागा मागायला जाऊ नका! 28 फेब्रुवारीही सोडा. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला शाळा-कॉलेजची पोरं तिकडेच असतात.

पाण्याची पाळी आली, गडी गेला
डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं आवर्तन कधी सुटणार, हे बैठकीत ठरतं. कालव्याला पाणी आलं, की तुमचा उत्तम नेमबाज मोटार चालू करायला शेतात दिसेल. त्याला सेमीफायनलची वेळ सांगून बघा!

फायनल उजेडात
रात्री आठची फायनल पोस्टरवर झकास दिसते. पण हा बिबट्याचा मुलूख. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नका, असं वनखातं सांगत असतं. शिवाय मुक्कामी एसटी तुमच्या टायब्रेकरसाठी थांबत नाही. बक्षीस समारंभ दिवस मावळायच्या आत उरका. पाहुण्यांना भाषणासाठी पाच मिनिटं द्या, म्हणजे ते वीस घेतील.

मग तारीख उरली कोणती?
19 फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. चैत्र-वैशाखात यात्रा. श्रावणी सोमवारी भीमाशंकर. भाद्रपदात गणपती, त्यात ओझर आणि लेण्याद्री दोन्ही जुन्नर तालुक्यातच. राहिली दिवाळीची सुट्टी: पोरं गावी, पुण्या-मुंबईचे चाकरमानीही घरी आणि सगळ्यांचे फोन चार्ज. फक्त भाऊबीज वगळा. बहिणीने ओवाळायला बोलावलं, की स्क्वॉडमधला चौथा गडी लॉबीतूनच बाद!