बदलापूरचा दीर्घ ऊ

कर्जतकडे जाणारी लोकल बदलापुरात थांबते, तेव्हा फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीनदा वाचायला मिळतं. मराठीत ‘बदलापूर’, हिंदीत ‘बदलापुर’ आणि तिसऱ्यांदा रोमन अक्षरांत. पहिल्या दोन नावांची लिपी एक, अक्षरंही तीच. फरक एवढाच की मराठीतला पू दीर्घ आणि हिंदीतला पु ऱ्हस्व. आधीच्या अंबरनाथ आणि उल्हासनगर स्थानकांत तेवढाही फरक नाही, कारण ती नावं दोन्ही भाषांत सारखीच लिहितात. सकाळी 7 च्या गर्दीत त्या उकाराकडे बघायला कुणाला सवड नसते. तरीही या देशात राजभाषा, राज्यभाषा आणि माणसाच्या तोंडातली भाषा यांची जी ओढाताण चालते, ती सगळी मला त्या एका उकारात दिसते.

2025 च्या एप्रिल ते जुलै या काळात महाराष्ट्र भाषेवरून ढवळून निघाला. त्या निमित्ताने उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या या तीन शहरांत कोणत्या भाषेला कागदावर काय स्थान आहे आणि लोक तिच्याकडे कसे पाहतात, याचा हा आढावा. मध्ये मध्ये कॅनडातही जाऊन यायचं आहे. द्विभाषिक कारभाराची जगातली सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त चर्चा झालेली उदाहरणं मोजली, तर इंग्रजी-फ्रेंचचा तो संसार त्यांत येतोच.

राजाची भाषा, शापाची भाषा

दोन भाषांचा कारभार आपल्याकडे इंग्रजांनी आणला नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा आहे. तो शिलाहार राजा मांवाणीच्या काळातला, भाषा संस्कृत. याच शिलाहारांच्या उत्तर कोकणात अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके 934 चा मानला जातो, आणि त्यात मराठी उमटते. त्या काळच्या दानलेखांत एक रीत दिसते. राजाची बिरुदं आणि वंश संस्कृतात. पण दिलेली जमीन कुणी हडपू नये म्हणून घातलेलं शापवचन लोकांच्या बोलीत. ज्याला दम भरायचा त्याला तो कळला पाहिजे, हे त्या कारकुनांना पक्कं ठाऊक होतं. सरकारी भाषेची माझी कसोटी तिथूनच येते. जिचा परिणाम माणसावर होणार, ती गोष्ट त्या माणसाच्या भाषेत सांगितली गेली का?

कॅम्प नंबर एक ते पाच

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा दिली गेली. माणसं एक लाखाच्या आसपास होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून त्याला उल्हासनगर म्हणू लागले. आज पंचाहत्तर वर्षांनंतरही इथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतो. छावणी गेली, शब्द राहिला.

या लोकांबरोबर जी भाषा आली, तिला मागे उभं राहायला राज्य नव्हतं. मराठीला महाराष्ट्र आहे, गुजरातीला गुजरात आहे. सिंधीचा प्रांत सीमेपलीकडे राहिला. त्यामुळे घटनेच्या आठव्या अनुसूचीत येण्यासाठी तिला 10 एप्रिल 1967 पर्यंत, एकविसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत, थांबावं लागलं. अनुसूचीत जागा मिळाली, पण हाती काय आलं? खिशातली नोट काढून बघा. मागच्या बाजूच्या पट्टीत 15 भाषांत रक्कम लिहिलेली असते. सिंधीच्या पंचवीस वर्षांनंतर, 1992 साली अनुसूचीत आलेल्या कोकणी आणि नेपाळी त्या पट्टीत आहेत. सिंधी नाही. ज्या समाजाचं अर्धं आयुष्य गल्ल्यावर नोटा मोजण्यात गेलं, त्याची भाषा नोटेवर नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यात लिपीचा पेच. सिंधमधून आलेली पिढी अरबी वळणाच्या 52 अक्षरांत लिहीत-वाचत होती. भारतात देवनागरीचा आग्रह झाला, वाद झाला आणि अखेर दोन्ही लिपी मान्य झाल्या. देवनागरी सिंधीत ग, ज, ड, ब या अक्षरांखाली आडवी रेघ देऊन आत श्वास ओढून उच्चारायचे चार वेगळे ध्वनी लिहितात. हे ध्वनी मराठी जिभेला सहज जमत नाहीत. पण आता ते सिंधी घरातल्या नातवंडांनाही जमेनासे झालेत. आजोबांच्या वह्या अरबी सिंधीत, वडिलांचा हिशेब इंग्रजीत, मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची आणि गल्लीतलं बोलणं हिंदीत. सिंधी उरली ती आजीच्या हाकेत, चेटीचंडच्या मिरवणुकीत, चालिहाच्या चाळीस दिवसांत आणि ‘जय झूलेलाल’ या नमस्कारात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून सिंधी नोंदवली. नोंदवणारे आहेत, शिकवणाऱ्या शाळा मात्र बंद पडत गेल्या.

मराठी माणसाचा उल्हासनगरशी भाषेचा व्यवहार जुना आहे. फर्निचर बाजारात, जपानी बाजारात, गजानन मार्केटमध्ये लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाईशी सिंधी दुकानदार ‘बोला ताई’ म्हणून सुरुवात करतो, भाव हिंदीत सांगतो, आतल्या पोऱ्याला सिंधीत हाक मारतो आणि बिल इंग्रजीत लिहितो. कोणताही शासन निर्णय नसताना हे चाललंय. गिऱ्हाईक त्याला हवंय, म्हणून गिऱ्हाइकाची भाषाही हवीय.

कारखान्यातली हिंदी

अंबरनाथची गोष्ट वेगळी. इथली भाषा कारखान्यांनी घडवली. आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि नंतरची औद्योगिक वसाहत यांमुळे देशभरातले कामगार इथे आले. 1976 च्या राजभाषा नियमांनुसार देशाचे क, ख, ग असे तीन विभाग पडतात. त्यांत महाराष्ट्र गुजरात आणि पंजाबबरोबर ‘ख’ विभागात आहे. म्हणून केंद्राच्या कार्यालयांत इथे हिंदी पत्रव्यवहाराची उद्दिष्टं असतात, 14 सप्टेंबरच्या सुमारास हिंदी पंधरवडा होतो, निबंध आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलं की राज्याची राजभाषा सुरू होते आणि नगरपालिकेचा कागद मराठीत येतो. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राजभाषा.

गंमत म्हणून नव्हे, कळकळीने सांगतो: या दोन्ही राजभाषा सामान्य माणसाला सारख्याच जड जातात. नगरपालिकेच्या नोटिशीतलं ‘उपरोक्त विषयान्वये’ आणि केंद्रीय कार्यालयातलं ‘उपर्युक्त विषय के संदर्भ में’ ही सख्खी भावंडं आहेत. भाषा मराठी असून कागद कळत नसेल, तर शिलाहारांचा कारकून आपल्यापेक्षा शहाणा होता असंच म्हणावं लागेल.

पाटी आणि पाकीट

मार्च 2022 मध्ये महाराष्ट्राने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांना देवनागरी मराठी पाटी बंधनकारक केली. मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असंही बजावलं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पाट्या लावायला दोन महिने दिले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हाच लढा 1977 च्या फ्रेंच भाषेच्या सनदेपासून चालू आहे. तिथल्या 2022 च्या नव्या कायद्याची तरतूद 1 जून 2025 पासून लागू झाली. दुकानाच्या दर्शनी भागात इतर भाषा असेल, तर फ्रेंचने तिच्या दुप्पट जागा घ्यायची. मोजपट्टी घेऊन भाषा राखायची वेळ दोन्हीकडे आली, कारण दोन्हीकडे बहुसंख्य असूनही आपली भाषा मोठ्या भाषेच्या समुद्रात बेट होऊन पडेल अशी भीती आहे. ही भीती खोटी नाही.

पण पाटीपेक्षा मला पाकीट महत्त्वाचं वाटतं. कॅनडात दुकानातल्या खोक्यांवर एका अंगाला इंग्रजी, दुसऱ्या अंगाला फ्रेंच असते. इंग्रजी भाषिकांच्या कुरकुरीचं ते वर्षानुवर्षांचं प्रतीक आहे: सकाळच्या न्याहारीच्या टेबलावरही फ्रेंच कशाला? आपल्याकडे 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वजन, किंमत, उत्पादकाचं नाव वगैरे मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. म्हणजे अंबरनाथच्या वसाहतीत भरलेलं पाकीट बदलापूरच्या वाण्याकडे पोचलं, तरी त्यावर मराठीचं एक अक्षर असण्याची सक्ती नाही. कॅनडातला माणूस दुसऱ्याची भाषा खोक्यावर आहे म्हणून कुरकुरतो. आपण आपली भाषा नाही म्हणूनही कुरकुरत नाही. ज्या बाईला पिठाच्या पिशवीवरची तारीख वाचायची आहे, तिला पाटीच्या आकारापेक्षा पाकिटावरच्या मराठीचा उपयोग जास्त होईल.

हवी असलेली आणि लादलेली

16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली. विरोध वाढला, 17 जूनला शब्द बदलले, 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. बाहेरच्यांना याचं नवल वाटलं. लोकलमध्ये, रिक्षात, बाजारात रोज हिंदी बोलणारे हे लोक हिंदीला विरोध का करतात? उत्तर सोपं आहे. बाजारातली हिंदी आम्ही आपणहून उचलली. सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात ती कुणी ठेवायची, हे ठरवण्याचा हक्क मात्र आम्ही सोडला नव्हता.

याच्या उलट फ्रेंचकडे बघा. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात इंग्रजी माध्यमाची मुलं दहावीपर्यंत आणि पुढे अकरावी-बारावीतही फ्रेंच घेतात. कारण गुण चांगले पडतात, अशी पक्की समजूत आहे. बारावी विज्ञानाला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, तेव्हा मराठी तिथेही मागे राहते. अलीकडे फ्रेंचला आणखी एक कारण मिळालं. 2023 पासून कॅनडाने कायम वास्तव्यासाठी फ्रेंच येणाऱ्यांच्या निवडीच्या वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. ज्या मुलाने शाळेत मराठी गुणांसाठी सोडली, तो तिशीत व्हिसासाठी फ्रेंचची क्रियापदं पाठ करतो. मी त्याला दोष देत नाही. भाषेपुढे दार उघडत असेल, तर माणूस ती शिकतो. प्रश्न एवढाच की मराठीपुढे आपण कोणतं दार उघडलं?

खुद्द कॅनडाचा अनुभवही हेच सांगतो. 1963 च्या द्विभाषा आयोगानंतर 1969 ला राजभाषा कायदा झाला, संघराज्याच्या खिडकीवर दोन्ही भाषांत सेवा मिळू लागली. तत्त्व म्हणून बहुतेकांना ते मान्य आहे. तरी 2021 च्या जनगणनेत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलू शकणारे देशात 18 टक्के भरले: क्वेबेकमध्ये 46, आणि क्वेबेकबाहेर जेमतेम साडेनऊ. कायद्याने खिडकी दिली, पण जीभ दिली नाही. जीभ तयार झाली ती क्वेबेकमधल्या सेंट लँबर्टसारख्या ठिकाणी. 1965 मध्ये तिथल्या इंग्रजी भाषिक पालकांनीच आग्रह धरून आपल्या मुलांसाठी पूर्ण फ्रेंचमधले वर्ग सुरू करवले. सरकारने नव्हे, पालकांनी.

बेळगावचा आरसा

आता अवघड भाग. कर्नाटकातल्या बेळगावचा मराठी माणूस अनेक दशकं मागतोय की आम्हाला सरकारी परिपत्रकं, उतारे, नोटिसा मराठीतही द्या. त्याच्या मागणीला आधार आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी 1956 पासून केंद्राने जी तत्त्वं ठरवली, त्यांनुसार तालुक्यात किंवा शहरात 15 टक्क्यांच्या वर वस्ती असलेल्या भाषेत महत्त्वाच्या नोटिसा निघाव्यात. घटनेचं कलम 350-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतं. आपण हे बेळगावसाठी छाती ठोकून सांगतो, आणि सांगायलाच हवं. गोव्यातही 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तेव्हा मराठीचा वापर राखून ठेवला गेला, याचा आपल्याला आनंद आहे.

मग हीच तत्त्वं उल्हासनगरला लावून पाहायला हवीत. मालमत्ता कराची नोटीस मराठीबरोबर सिंधीतही मिळाली, तर मराठीचं काय कमी होईल? सिंधी आजीला पहिल्यांदा वाटेल की या राज्याने आपल्याला ओळखलं. आणि आपल्या मराठीच्या आतही बघायला हवं. या खोऱ्याची मूळ बोली आगरी. तिथे पाणी ‘पानी’ आणि बाळ ‘बाल’ होतं. बारवी धरणाच्या बाजूच्या वाड्यांत कातकरी आणि ठाकरी बोलली जाते. कातकरी मुलाला पहिलीचं पुस्तक जवळजवळ परक्या भाषेतलंच वाटतं. पहिलीपासून हिंदीची सक्ती का नको, याची जी कारणं आपण दिली, ती सगळी त्या मुलालाही लागू पडतात. ते आपण कधी कुणाला सांगितलं?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली. मला त्याचा अभिमान आहे. मोठ्या घराला पाहुण्याची भीती वाटू नये, आणि मोठ्या भाषेला शेजारणीची. मराठीसाठी आग्रह धरायचा तो खिडकीवर, पाकिटावर, अकरावीच्या वर्गात, साध्या शब्दांतल्या नोटिशीत. आणि तोच आग्रह सिंधीसाठी, आगरीसाठी, कातकरीसाठी धरायचा, म्हणजे बेळगावात बोलताना आपला आवाज खणखणीत निघेल.

बदलापूरच्या पाटीवर दोन उकार एकाखाली एक उभे आहेत. ऱ्हस्व आहे म्हणून दीर्घ आखूड झाला नाही. पण तो दीर्घ टिकतो तो रंगाऱ्याच्या कुंचल्याने नव्हे. ‘एक बदलापूर द्या’ असं तिकिटाच्या खिडकीवर म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात तो रोज नव्याने उच्चारला जातो, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला तो कळतो, म्हणून टिकतो.